तुळशीकडे तोंड केलेली व्हॅन

काशीबाई गवताच्या उडवीतून बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यात अबोलीची वेणी होती आणि वेणीत गवत होतं. तिने आधी वेणी सारखी केली, मग गवतात सांडलेले बांगडे टोपलीत भरून घेतले, आणि मग माझ्या भावाकडे बघून म्हणाली, "मेल्या सुदेश, गाडयेक ब्रेक आसत, काय देवाच्या भरवशार चलवतंस?"

हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण बंदरावरच्या बायकांकडून इतक्यांदा ऐकलंय, आणि दर वेळी ती उडवी थोडी आणखी उंच झालेली असते, की पाहिल्यासारखंच आहे.

झालं ते असं. सुदेशकडे एक जुनी व्हॅन आहे. रोज सकाळी काशीबाई आणि तिच्यासोबतच्या बायका मालवणच्या बंदरावर मासळी घेतात, टोपल्यांसकट त्याच्या व्हॅनमध्ये बसतात आणि कणकवलीच्या बाजारात उतरतात. हीच सुदेशची नोकरी, हाच धंदा, आणि लग्नाच्या बाजारात सांगायची हीच ओळख. त्या शनिवारी घाटीच्या उतारावर त्याने ब्रेकवर पाय ठेवला, आणि पाय खाली गेला तो गेलाच. हँडब्रेक ओढत त्याने गाडी रस्त्याकडेला रचलेल्या भाताच्या गवतात, त्या उडवीत घातली. शहाणपणाच केला म्हणायचा. कुणाला खरचटलंही नाही. पण बायकांच्या मनातून तो उतरला तो तिथेच.

दुसऱ्याच दिवशी सगळ्या त्याच रस्त्यावर भाडी मारणाऱ्या दीपेशच्या गाडीत बसल्या. दीपेशची गाडी नवी. आत गाणी, खिडक्यांना पडदे. पण टोपल्या टपावर बांधाव्या लागतात, आणि पाणी ठिबकलं तर दीपेशचं तोंड सुटतं. लिलाव लांबला तर तो थांबत नाही, हॉर्न वाजवतो. सुदेश थांबतो. सुदेशच्या जमेच्या बाजूला एवढी एकच रक्कम, पण बायकांच्या लेखी ती मोठी. नावे बाजूला आता उडवी.

तो बंदरावर गयावया करायला गेला तेव्हा काशीबाईने त्याला सरळ हिशेब घातला.

"दीपेश म्हणता, शुक्रवारपासून कायमचा ठरवतास तर ठरवा, नायतर तो दुसरी भाडी घेतलो. तेवां तू शुक्रवारी सकाळी गाडी हय हाड. मी सोता पाय ठेवून बघतलंय. दगडासारखो लागलो ब्रेक, तर आमी चढतलंव. भिजवलेल्या पिठासारखो लागलो, तर तू आपलो घराक जा आणि आवशीक काजू वेचूक मदत कर."

तेव्हापासून आमच्या घरात शुक्रवार हा वार राहिला नाही, तो निकाल झाला.

गाडी गॅरेजला न्यायची नाही, हे सुदेशने ठरवलं. गॅरेज बाजाराच्या रस्त्यावर. तिथे व्हॅन चाकं काढून उभी दिसली की दीपेशला हातातला घास गिळायच्या आत कळणार. म्हणून पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून, रांगत रांगत गाडी घरी आली आणि गणपत मेस्त्रीच घरी आला.

आमचं घर वाडीच्या वरच्या टोकाला. पुढे खळं, म्हणजे अंगण. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून वडलांनी खळ्याला घरापासून गडग्यापर्यंत, म्हणजे दगडी कुंपणापर्यंत उतार ठेवला, आणि ठेवताना हात जरा सैलच सोडला. वरच्या अंगाला तुळस, खालच्या अंगाला वाट. गाडी खालून वर येते आणि तुळशीकडे तोंड करून उभी राहते. नेहमीच. गाडी घरी आली त्या वर्षी सुदेशने एकदा ती उलटी लावली होती, आणि आईने ओटीवरून हाक मारली होती, "तोंड तुळशीकडे करून लाव ती!" तेव्हापासून आमच्याकडे तो नियम आहे. देवाला पाठ दाखवायची नाही. पाहुण्यांनाही आम्ही तशीच गाडी लावायला लावतो. मी तर पुण्याहून आलेल्या एका जोडप्याला त्यामागचं शास्त्रही सांगितलं होतं. कुठून सुचलं, आठवत नाही.

गणपत मेस्त्री हा आजार आधी ठरवतो आणि रोगी नंतर बघतो. पण रविवारी त्याने रीतसर बघितलं. चाकांच्या आतल्या बाजूला हात फिरवला, कुठे ओल नाही. ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या डबीत तेल होतं तेवढंच होतं. मग सुदेशला म्हणाला, "दाब. आणि दाबून धर."

सुदेशने दाबून धरलं. पॅडल हळूहळू, कुणी झोपेत मान टाकावी तसं, खाली खाली गेलं.

"बघितलंस? तेल भायर पडणा नाय, तरी पाय खाली जाता. म्हंजे तेल आतल्या आत मागे येता. मास्टर गेलो."

मास्टर म्हणजे मास्टर सिलिंडर. पायाचा जोर तेलावर टाकून चारी चाकांकडे धाडणारी नळी. निदान पटण्यासारखं होतं. मला तर हायसं वाटलं. मी पतसंस्थेत आहे, दिवसभर ताळेबंद जुळवते. फरक कुठे आहे ते सापडलं की अर्धं काम झालं, असं मी धरून चालते. इथे अर्धंच झालं होतं, हे कळायला गुरुवार उजाडावा लागला.

सोमवारी संध्याकाळी नवा मास्टर बसला. मग हवा काढायची. जुना काढून नवा बसवताना नळ्यांत हवा शिरते, आणि तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, म्हणून पाय मऊ लागतो. एवढं मलाही कळलं. सुदेश पॅडलवर बसला, गणपत चाकाखाली गेला, आणि टॉर्च धरायला मी. कारण या घरात रिकामा हात माझाच असतो असा एक समज आहे.

"मार," गणपत चाकाखालून ओरडायचा. "मार. मार. धर!"

सुदेश धरायचा. गणपत चाकामागचं निप्पल, म्हणजे तेल सोडायची बारीक तोटी, सैल करायचा, तेल आणि बुडबुडे बाटलीत यायचे, तो निप्पल आवळायचा. "सोड. मार." असं एकेक चाक. शेवटी बाटलीत नुसतं स्वच्छ तेल येऊ लागलं. गणपत उठला, हात पुसले, चहा मागितला. सुदेशने पॅडल दाबलं.

आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच मला कळलं.

"मऊ आसा."

"होऊचा नाय."

"तू ये. पाय ठेव."

गणपतने पाय ठेवला. एकदा दाबलं तर अर्ध्यावर गेलं. पुन्हा पुन्हा दाबलं तर वर आलं. जरा थांबून दाबलं तर परत तेच. बरक्या फणसाच्या गऱ्यांत पाय घालावा तसं.

"वायच हवा रवली आसतली," गणपत म्हणाला. "उद्या काढू."

गडग्यावर शेजारचे भाई येऊन बसले होते. भाई एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यापासून वाडीत कुणाचंही बॉनेट उघडलं की ते गडग्यावर असतात. बॉनेट उघडल्याचा आवाज त्यांना भजनाच्या टाळासारखा ऐकू जातो.

"आमच्या येस्टीक हवेचेच ब्रेक," भाई म्हणाले. "कंप्रेसर लावून हवा भरूक लागता. आणि तुमी भरलेली हवा काढतास! काढू नकात, रव दे ती थय."

"भाई, ती गाडी येगळी, ही येगळी," सुदेश म्हणाला.

"ता दिसताच हा. ती थांबता."

मंगळवारी परत हवा काढली. मागच्या चाकांचे ब्रेक लायनर सैल आहेत म्हणून ते आवळले. पॅडल बोटभर वर आलं, पण मऊपणा तसाच. गणपत म्हणाला, पीस खराब. हल्लीचा माल असाच. बुधवारी त्याने दुकानदाराशी भांडून तोच मास्टर बदलून दुसरा आणला, बसवला, परत मार, मार, धर, सोड. माझा टॉर्चचा हात दुखायला लागला. खळ्यातल्या मातीत ब्रेक ऑइलचे डाग पडले आणि आईने ते शेणाने सारवायला लावले, तेही मलाच.

पॅडल मऊ.

सुदेश खाली उतरला आणि त्याने टायरला लाथ मारली. टायरला काही झालं नाही. त्याच्या पायाला झालं.

"तुझ्या हातात गाडी दिली तीच चूक," तो गणपतला म्हणाला.

"मगे दी दीपेशच्या मेस्त्रीकडे. तो पडदे लावून दितलो."

"दीपेशचा नाव काढू नको हय."

"मी काढलंय? तूच रोज सकाळी बंदरार जाऊन तेची गाडी बघून येतंस. माका काय कळणा नाय?"

हे खरं होतं, म्हणून सुदेश माझ्यावर उखडला. "ताई, तू टॉर्च नीट धरूक नाय. त्येका निप्पल दिसणाच नाय."

मी टॉर्च बंद करून त्याच्या हातात दिला आणि आत जाऊन जेवून घेतलं. या घरात कुणाचंही खापर फोडायचं झालं की उजेड धरणाऱ्यावर फोडतात. पण झोप लागेना. सुदेशवर मी कितीही तोंड टाकलं तरी एक गोष्ट मला माहीत होती. दीपेशकडे बायका गेल्या की सुदेश परत काहीतरी शोधील, रिसॉर्टवाल्यांच्या गाड्या चालवील, तारकर्लीत पाहुण्यांच्या बॅगा उचलील. पण काशीबाईने त्याला घरी पाठवलं हे त्याच्या अंगाला चिकटून राहील. बंदरावरची माणसं विसरत नाहीत, फक्त उडवी उंच करत जातात.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

दुपारी गणपत आला तो तोंड पाडूनच. हातात तिसरा मास्टर नव्हता, पण जिभेवर होता.

"थांब," मी म्हटलं. "आदी माका एक सांग. मऊपणा खंयच्या चाकात आसा ता कळूचा कसा?"

"तसा कळणा नाय."

"आमच्याकडे ताळो बसणा नाय तेवां आमी सगळे आकडे परत बेरीज करीत बसणव नाय. एकेक शाखा बंद करून बघतंव. फरक गेलो की त्या शाखेत चूक."

गणपतने माझ्याकडे बघितलं. ही गोष्ट त्याला येत होतीच, हे मला त्याच्या तोंडावरून दिसलं. फक्त इतके दिवस त्याला ती करायची गरज वाटली नव्हती. "होज दाबून बघतत तशे," तो पुटपुटला. चाकाजवळ तेलाची नळी रबराची असते, चाक वळतं म्हणून. पुढे दोन, मागे एक. त्याने पकडींच्या तोंडांना जुन्या ट्यूबचं रबर गुंडाळलं आणि एकेक रबरी नळी चिमटीत धरून बंद केली. एक बंद केली, सुदेशने दाबलं. मऊ. दुसरीही केली. मऊ. तिसरीही केली. आता तेलाला कुठल्याच चाकाकडे जायला वाट नव्हती. पॅडल दगडासारखं लागायला हवं होतं.

"मऊ," सुदेश म्हणाला, आणि इतक्या हळू म्हणाला की भाईंनी गडग्यावरून विचारलं, "काय म्हणता तो?"

"म्हंजे चाकां बरी," गणपत म्हणाला. "म्हंजे मास्टरच. ह्यो पण पीस खराब."

"दोन्ही नवे पीस खराब?" मी म्हटलं. "आणि दुखणा तरी तेच आसा काय रे? रविवारी दाबून धरला की पाय हळूहळू खाली जाय. सुदेश, आता दाबून धर बघू."

सुदेशने धरलं. पॅडल अर्ध्यावर गेलं आणि थांबलं. तिथेच राहिलं. खाली उतरेना.

"तेवां उतरा होता. आता उतरणा नाय, नुसता मऊ आसा. जुना दुखणा गेला. ह्या दुसरा. तुमी दोघव दोन दुखण्यांक एकाच नावान हाक मारतास."

"मगे नव्या मास्टरात हवा आसतली," गणपत म्हणाला. "पण किती काढूची? तीन दिस काढतंय."

तो वाकून तेलाच्या डबीत बघू लागला. सवयीने मी टॉर्च धरला. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीतून तेलाची रेघ दिसत होती. ही रेघ मी तीन संध्याकाळी बघत होते. डबीच्या मागच्या अंगाला ती वरच्या खुणेला टेकलेली, पुढच्या अंगाला खालच्या खुणेशी आलेली.

"ह्या तेल वाकडा कित्याक?" मी विचारलं.

"तेल वाकडा नाय ओ म्याडम," गणपत वैतागून म्हणाला. "तेल सरळच रवता. तुमचो खळो वाकडो."

आणि असं म्हणून तो तसाच वाकलेला राहिला. तोंड उघडं. गडग्यावर भाईंनी विडी विझवली.

"अरे तिच्या मायला," गणपत म्हणाला.

मास्टर सिलिंडर ही आडवी नळी. तिचं एक टोक पायाकडे, दुसरं गाडीच्या नाकाकडे, आणि नाकाकडचं टोक बंद. गाडी नाक वर करून उभी. हवा नेहमी वर जाते. म्हणजे हवा त्या बंद टोकात जाऊन बसलेली, आणि आम्ही तीन दिवस चाकांतून तिला बोलावत होतो. ती कशाला येते? तिला आहे तिथे बरं होतं. दोन्ही मास्टर चांगले होते, गणपतचं निदानही चांगलं होतं, निप्पलही चांगले होते. वाईट काय ते एवढंच, की गाडी तुळशीकडे तोंड करून उभी होती.

"फिरवूक होयी," गणपत म्हणाला. "नाक खाली, ढुंगण वर."

सुदेश खाली बसला. "आवस मारतली."

"मागची चाकां चिऱ्यांवर चढवली तर?" मी म्हटलं.

"ह्या उताराक माणूसभर चिरे लागतले. आणि तेच्या खाली मी झोपाचंय नाय. माझा लगीन झालेला आसा."

वाटेवर न्यायची तर वाट खळ्यापेक्षाही उताराची, आणि ब्रेक नाही. उरलं एकच. आई खालच्या बागेत काजू वेचायला गेली होती. ती परतायच्या आत गाडी फिरवायची, हवा काढायची, आणि परत तोंड तुळशीकडे करून साळसूदपणे उभी करायची. चाळिशी उलटलेली मी, एसटीत हयात घालवलेले भाई, पाच गावांत नाव असलेला मेस्त्री, आम्ही सगळे एका म्हातारीला चुकवून गाडी ढकलायला लागलो. इंजीन चालू करायचं नाही, आवाज बागेत जाईल. सुदेश स्टीअरिंगवर आणि हँडब्रेकवर. गणपत आणि मी मागून. भाई चाकामागे चिरा सरकवायला, आणि सूचना द्यायला.

"उजवीक! उजवीक मार!"

"भाई, तुमची उजवी काय माझी?"

"अरे मेल्या, उजवी सगळ्यांची एकच!"

गाडी खळ्यात आडवी झाली आणि अडकली. पुढे ओटीची पायरी, मागे आंब्याचं मूळ. एवढ्यात आई बेड्यातून, कुंपणाच्या फाटकातून आत आली. हातात बादली, बादलीत काजूबोंडं.

भाई अचानक आंब्याचा मोहर निरखायला लागले.

"ही आडवी कित्याक?" आईने विचारलं.

"आये," सुदेश खिडकीतून म्हणाला, आणि त्याचा आवाज शाळेतल्यासारखा झाला, "वायच फिरवतंय. आजच्या दिवस तुळशीक पाठ होतली. उद्या बंदरार जाऊचा आसा. मी नारळ ठेवतंय तुळशीकडे."

"फिरव मगे."

"म्हंजे... चलता तुका?"

"न चलूक काय झाला?"

"तूच सांगलंस मा, तोंड तुळशीकडे करूनच लाव म्हणान?"

"सांगलंय तर. सकाळी गाडी चालू करून ठेवस आणि आत बसान चाय पियस. सगळो धूर माझ्या तुळशीर. पानां काळी पडत." आईने बादली खाली ठेवली. "आता चालू आसा गाडी?"

"नाय."

"मगे धूर खंयसून येतलो?"

मी आईकडे बघितलं. सुदेशनेही बघितलं. "आये, ह्या तू इतकी वर्सां सांगलंस कित्याक नाय?"

"माका कोणी इचारलान?" ती म्हणाली आणि बोंडं घेऊन आत गेली. दारातून वळून म्हणाली, "आणि आडवी ठेव नको. रात्री माझो पाय लागतलो."

पुण्याच्या त्या जोडप्याची मला आठवण झाली. त्यांच्या खात्यात मी जमा केलेलं ते शास्त्र आता परत मागवायची सोय नव्हती. रागवावं तर कुणावर, तेही सुचेना. आईवर रागवावं तर तिचं म्हणणं बरोबर, सुदेशवर रागवावं तर नियम पाळणारी मीही. म्हणून मी गाडी जोरात ढकलली. ती फिरली.

आता व्हॅनचं नाक खाली वाटेकडे आणि मागची बाजू तुळशीपाशी. डबीतल्या तेलाची रेघ आता उलटी तिरकी. गणपतने सुदेशला सांगितलं, "पुरो दाबू नको. बोटभर. हळू. परत बोटभर."

मी टॉर्च धरला. डबीच्या तळातून आधी साबूदाण्याएवढे बुडबुडे आले. मग काही नाही. मग सुदेशने पाय सोडला तशी एक मोठी ढेकर वर आली, डबीत तेल हललं, आणि नंतर बारीक बारीक फेस.

"ही बघ," गणपत म्हणाला. "ही मेली. चार दिस आत बसान आमची मजा बघत होती."

बुडबुडे यायचे बंद होईपर्यंत त्याने तसंच करायला लावलं. मग चारी चाकांची हवा एकदा परत काढली. मग सुदेशने पॅडल दाबलं. थांबला. परत दाबलं. मग तो उतरला आणि गणपतला बस म्हणाला. गणपतने दाबलं आणि लगेच म्हणाला, "मी पयल्यापासून सांगत होतंय, खळो वाकडो आसा."

हे वाक्य त्याने शुक्रवार उजाडायच्या आत वाडीत फिरवलं, हे मला नंतर कळलं. माझी वाकड्या तेलाची गोष्ट त्यात नव्हती. ती बुडीत खात्यात गेली. भाई तेवढे गडग्यावरून उतरताना म्हणाले, "येवढ्याशा हवेसाठी इतको तमाशो? आमच्या येस्टीत..."

"भाई," आम्ही तिघेही म्हणालो.

शुक्रवारी सकाळी मीही व्हॅनमध्ये बसले. कणकवलीच्या शाखेत काम होतं असं मी सुदेशला सांगितलं. गाडी उताराने उतरताना प्रत्येक वळणावर तो गरज नसताना ब्रेक लावत होता, जीभ दुखऱ्या दाताकडे जाते तशी.

बंदरावर लिलाव चालू होता. दीपेशची गाडी आधीच उभी, गाणं चालू, टपावर प्लास्टिक बांधलेलं. काशीबाई आली. तिने आमच्याकडे बघितलंही नाही, थेट ड्रायव्हरचं दार उघडलं आणि सुदेशला हाताने बाजूला केलं. चपला काढल्या. नऊवारीचा काष्टा सावरून सीटवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा बसत असावी, कारण स्टीअरिंगकडे तिने शेजारणीकडे बघावं तसं जरा संशयाने बघितलं.

"खंयचो ब्रेक?"

"मधलो," सुदेश म्हणाला.

तिने पाय ठेवला आणि दाबला. तिच्या तोंडावर काही दिसेना. पाय तसाच दाबून ठेवून तिने कमरेची चंची काढली. पान काढलं. देठ खुडला. चुना लावला, बोटाने सारखा केला, सुपारी घातली, घडी घातली, तोंडात टाकली. चंची परत खोचली. या सगळ्या वेळात सुदेश तिच्या पायाकडे बघत होता आणि मी सुदेशकडे. दीपेशने हॉर्न वाजवला. काशीबाईने मान वळवली नाही.

"उतरणा नाय," ती म्हणाली.

"नाय."

"ह्या आदी करूक येय नाय तुका?"

सुदेशने तोंड उघडलं. मला भीती वाटली की तो आता मास्टरपासून तुळशीपर्यंत सगळं सांगायला घेतो. पण तो म्हणाला, "नाय येय."

"चढा गो," काशीबाईने मागे वळून हाक दिली. टोपल्या आत आल्या. काशीबाई ड्रायव्हरच्या सीटवरून उतरून मागे बसली. बायका आल्या, पण दर वेळेसारख्या बडबडत नाही. बसल्या आणि प्रत्येकीने पुढच्या सीटची पट्टी धरली. दीपेशच्या गाडीतलं गाणं मागे मागे राहिलं.

घाटी आली. उताराच्या तोंडाशी सुदेशने गिअर कमी केला. ती उडवी दिसली, एका अंगाने चपटी, आणि मालकाने तिच्यापुढे काठीला लाल फडकं बांधून ठेवलं होतं. माझ्या शेजारच्या बाईच्या बोटांची नखं पांढरी पडली होती. सुदेशने आरशातून मागे बघितलं, सगळ्यांना बघितलं, आणि उडवीच्या अलीकडे, ऐन उतारात, ब्रेक दाबला.

व्हॅन जागच्या जागी थांबली. आम्ही सगळ्या एकदम पुढे झुकलो आणि एकदम मागे आलो. टोपल्यांतलं बर्फाचं पाणी वाहत आलं आणि माझ्या चपलांत शिरलं.

काशीबाईने खिडकीतून पानाची पिंक टाकली. मग पट्टीवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"बघितला," ती म्हणाली. "आता चलव. बर्फ वितळता."